छातीत दुखतंय म्हणालो

नाही हो दादा, बसा ना त्या स्टुलावर, ती आली की उठा. नात माझी. खाली औषधाच्या रांगेत उभी आहे, आणि ती रांग म्हणजे—येताना बघितलीच असेल तुम्ही—पार जिन्याला टेकलीय. तुमच्या वडिलांना एक्सरेला नेलंय ना, मग निवांत बसा. नेतात लगेच, पण तिकडं नेऊन भिंतीला लावून ठेवतात. परवा मलाही ठेवलं होतं. मी आपला छताकडं बघत पडलो, छतावर एक पाल, ती माझ्याकडं बघतीय. दोघांनाही काही काम नाही. हसलात? हसा. या वॉर्डात कुणी हसत नाही.

मला होय? मला छातीत दुखतं. म्हणजे दुखत होतं. परवा संध्याकाळी एकदम कळ आली, इथं, या बाजूला—नाही, या बाजूला—आणि नातीनं रिक्षात घालून आणलं. डॉक्टर भले माणूस आहेत. दोनदा पट्टी काढून झाली, त्या तारा लावून. म्हणाले, बाबा, काही सापडत नाही. मी म्हटलं, नीट शोधा, असेल कुठंतरी. मग म्हणाले, वय आहे, ठेवू दोन दिवस. असा पडलोय. बाहेर व्हरांड्यात एक माणूस खाली सतरंजीवर पडलाय, बघितलात? पायाला एवढं मोठं बँडेज. त्याला खाट नाही. रात्री कण्हत होता. मी या कुशीवर वळलो तर तो दिसतो, म्हणून त्या कुशीवर वळतो.

नात ना? पळते ती. नाही नाही, पळते म्हणजे धावते, शर्यतीत. आपल्या देशाची टीम चाललीय ना त्या जगाच्या स्पर्धांना, सगळे देश, सगळे खेळ—त्यात आहे ती. पेपरात फोटो आला होता, आतल्या पानावर, निळी जॅकेटं घातलेली सात पोरं. सातच! आणि त्यांच्या मागं साहेब नऊ. मी विचारलं नातीला, अगं हे नऊ जण काय खेळणार? म्हणाली, आजोबा, ते आम्हाला खेळताना बघणार. आता सातांत बघा—एक पोरगा पोहतो, तो हॉटेलच्या तलावात शिकला, पाहुणे उठायच्या आत पोहून बाहेर यायचं, असा करार. एक वजनं उचलतो, तो आमच्याकडं गॅसचे सिलेंडर आणून देतो, दोन्ही खांद्यांवर दोन, आणि वर जिना चढताना गाणं म्हणतो. एक बॉक्सर. आणि बाकी चौघी पोरी मिळून एक शर्यत. रिले म्हणतात. एकीनं पळायचं, दुसरीच्या हातात ती नळी द्यायची, मग तिनं पळायचं. बॅटन म्हणतात नळीला. सरावाची बॅटन मीच कापून दिली होती, आमच्या कारखान्यातल्या पाइपाचा तुकडा, कडा घासून गुळगुळीत केलेला.

बर्फाच्या कारखान्यात होतो मी. होतो म्हणजे आहे अजून, आता लाद्या ओढवत नाहीत, म्हणून फाटकावर बसवलंय. मागं लांबलचक फरशी आहे, तिथं ट्रक लागतात. संध्याकाळी ट्रक गेले की मोकळीच. या पोरींना मैदान मिळत नव्हतं, तिथं सदानकदा फुटबॉलवाले. नात म्हणाली, आजोबा, तुमची फरशी सरळ आहे. मी मालकांना विचारलं, मालक म्हणाले, पाय घसरून पडल्या तर माझ्याकडं यायचं नाही. झालं. रोज फाटक उघडायचं, फरशीवरचं पाणी झाडून काढायचं, मग पोरी पळायच्या, आणि पळून झालं की मी लादीचे उरलेले तुकडे पोत्यात घालून फोडून द्यायचो, त्यात पाय घालून चौघी ओळीनं बसायच्या आणि ओरडायच्या. थंडीनं हो! एवढ्या ओरडायच्या की मालकांच्या बायकोनं एकदा खिडकी उघडून विचारलं, कुणाला मारताय का काय.

माझी नात तिसरी. तिसरीनं वळणावर पळायचं आणि नळी चौथीला द्यायची. चौथी बेकरीत कामाला आहे, भल्या पहाटे भट्टीवर जाते, अंगाला कायम पावाचा वास. आता गंमत सांगतो, ती चौथी मागं बघतच नाही. तिला बघायची परवानगी नाही. ती पळायला लागते पुढं, आणि माझी नात मागून ओरडते, ‘घे!’—की हिनं नुसता हात मागं करायचा. उघडा हात. बघायचं नाही. मला पहिल्यांदा बघून धडकीच भरली. म्हटलं, अगं नळी हातात आली नाही तर? बेकरीवाली म्हणाली, आजोबा, येतेच. मी म्हटलं, पण नाही आली तर? म्हणाली, हिच्याकडून येतेच.

पदक? छे हो. पदक कुठलं मिळतंय. मॅडम म्हणतात—त्यांच्या कोच, शाळेत पीटी शिकवतात—मॅडम म्हणतात, माझ्या पोरी नळी न पाडता शेवटपर्यंत आल्या की मी घरी जाऊन झोपणार. पण आपल्याकडून आजवर चौघी कधी गेल्याच नाहीत. चार पोरी एका वेळी इतकं पळणाऱ्या मिळाल्याच नव्हत्या कधी. आता मिळाल्या. पाचवी होती एक, राखीव, तिला दिवस गेले. तिच्या घरी आनंदीआनंद आणि मॅडमनी डोक्याला हात लावला. तेव्हा चारच. बरोबर चार.

बस? आज चारला. स्टेडियमच्या फाटकावरून निघते, मग विमानतळावर.

हो, आजच.

नाही, तुम्ही बोलणार ते मला समजलं. बरोबर आहे, ती इथं रांगेत उभी आहे आणि बस आज आहे. मॅडम येऊन गेल्या सकाळी. इथंच उभ्या होत्या, तुम्ही बसलात तिथं. मला म्हणाल्या, बाबा, कसं वाटतंय? मी म्हटलं, जड वाटतंय. बाई डोळे पुसत होत्या पण आवाजात काही नाही. नातीला म्हणाल्या, मी काही तुझं नाव खोडलेलं नाही, खोडून दुसरं कुणाचं लिहू? बसपाशी आलीस तर घेऊन जाईन, नाही आलीस तर बाकी तिघींना घेऊन जाईन, कपडे शिवलेत, तिकिटं आहेत, जाऊ दे, बघून येऊ देत त्यांना. बघून येऊ देत! तिघी जातील, आणि जगातली सगळी माणसं पळताना बघत कठड्याला धरून उभ्या राहतील.

पाणी देता का जरा? तो तांब्या. बस, बस.

काल बेकरीवाली पण आली होती. मला वाटलं, आता भांडणार. भांडली असती तर बरं झालं असतं. बिस्किटं घेऊन आली, तिच्या बेकरीतली, तुटकी निघतात ती, आणि खाटेच्या या टोकाला बसली. माझे पाय दाबायला लागली. मी म्हटलं, नको गं. म्हणाली, तुम्ही रोज आमच्या पायाला बर्फ दिलात. अहो दादा, मी पाय ओढून घेतले. नर्सबाईंना वाटलं कळच आली, त्या पळत आल्या.

नाही आली कळ.

तेच सांगतोय, नाही आली. तेव्हाही नाही आली आणि—काय सांगू तुम्हाला. तुमचे वडील किती वेळ लावतायत. परवा थोडं दुखलं होतं, खोटं का बोलू, थोडं दुखलं होतं. गॅस असेल. जेवणानंतर होतो मला तसा. पायरीवर बसलो की जातो. पण त्या दिवशी मी पायरीवर बसलो नाही. छाती धरली आणि म्हणालो, छातीत दुखतंय. आणि मग ते दुखणं मी जाऊच दिलं नाही. कळतंय का? ती घाबरली, तिनं चप्पलसुद्धा नीट घातली नाही, रिक्षात माझं डोकं मांडीवर घेतलं, आणि मी डोळे मिटून पडलोय, आणि मनात म्हणतोय, आता सांगावं, आता पुढच्या वळणावर सांगावं. वळणं बरीच होती. एकावरही सांगितलं नाही.

असे बघू नका माझ्याकडं. मी सांगतो का ते. तुम्हाला पटणार नाही, मलाही आता पटत नाही.

ती नीटनेटकं करायला लागली होती घर. जॅकेट मिळालं त्या दिवसापासून. आधी नळ बदलला, गळका. मग न्हाणीच्या दाराच्या बिजागरीला तेल. मग माझ्या खाटेपाशी दिवा लावून घेतला, बटण हाताशी. डबे घासूनपुसून भरले. शेजारच्या वहिनींना सांगून आली, आजोबांकडं दिवसातून एकदा डोकावा. परवा मला चुलीपाशी उभं केलं—गॅसची शेगडी हो, चूल म्हणायची सवय—आणि म्हणाली, आजोबा, आता तुम्ही पेटवून दाखवा. मी पेटवली. म्हणाली, पुन्हा. पुन्हा पेटवली. म्हणाली, आता मला काळजी नाही.

काळजी नाही म्हणाली, आणि मला तिथंच भीती बसली. का सांगू? हिचा बाप, माझा मुलगा, असाच गेला. कामाला चाललो म्हणाला, दूर देशी, दोन वर्षांत येतो. हिची आई नुकतीच वारली होती, ही एवढीशी. जायच्या आधी महिनाभर तो घर दुरुस्त करत होता. पत्रे बदलले. दाराला नवी कडी. मी सगळ्यांना सांगत होतो, बघा माझा मुलगा किती करतो. पहिली दोन वर्षं फोन आले, मग नंबर लागेना, मग कुणीतरी सांगितलं, तिकडं लग्न केलंय, मुलं आहेत. त्यानं लावलेली कडी अजून आहे, चांगली आहे. मी रोज लावतो.

आणि टीममधला एक मागच्या खेपेला तिकडंच राहिला होता ना. तोही बॉक्सर होता. गेले आठ, आले सात. खेळ संपला, सगळे बसमध्ये बसले, हा नाही. शोधलं, खोलीत जॅकेट घडी करून ठेवलेलं. आता तिकडं कुठं भांडी घासतो, बायकोलाही नेलं, फोटो पाठवतो, फोटोत मागं मोठी गाडी, कुणाची कोण जाणे. ही पोरं ते फोटो बघतात. मी बघितलंय बघताना. म्हटलं, हे तसंच आहे. नळ, बिजागरी, दिवा. तोच क्रम. म्हटलं, गेली ही.

विचारायचं? हो, विचारायला हवं होतं. सरळ विचारायचं, बाई गं, परत येणार आहेस ना? एवढंच. पण दादा, विचारलं असतं आणि ती गप्प बसली असती तर? तिला खोटं बोलता येत नाही. मला येतं. तर मी खोटं बोललो.

आणि मला वाटलं होतं, एक बस चुकेल. माझं आणि तिचं काय ते आमच्या घरातलं. त्या तिघी माझ्या डोक्यातच नव्हत्या. देवाशप्पथ. माझ्या फरशीवर रोज पळत होत्या, पोत्यातल्या बर्फात पाय घालून बसत होत्या, आणि मला त्या आठवल्याच नाहीत, मॅडम येऊन उभ्या राहीपर्यंत. चौघींतली एक काढली की तीन उरत नाहीत, काहीच उरत नाही, हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? नळी मीच कापून दिली होती.

कुठं निघालात? नाही—दादा, नका, बसा. तुम्ही सांगू नका तिला. तुम्ही सांगितलंत तर ती तुमच्या तोंडाकडं बघेल आणि मग माझ्याकडं, आणि मला ते—बसा हो. मी सांगतो. मीच सांगतो. सकाळपासून तेच ठरवतोय. मॅडम असताना सांगणार होतो, पण त्या रडत होत्या. मग डॉक्टर आले. मग जेवण आलं. किती वाजले? अजून वेळ आहे की. रिक्षानं गेली तर अजून वेळ आहे. म्हणजे मला रस्ता ठाऊक आहे, सगळा हिशेब मी केलेला आहे, फक्त तोंड उघडत नाही. तुम्हाला सांगितलं ना पटापट? तुम्ही कोण, मी कोण. परक्याला सांगता येतं.

थांबा. जिना चढतंय कुणीतरी. दोन-दोन पायऱ्या घेतंय. तीच.

उठू नका. राहू द्या स्टूल. तुम्ही इथंच बसा.

आलीस? मिळाली गं सगळी? बरं, ठेव तिथं. नाही, आत्ता नको गोळी. घाम पूस आधी. हे दादा, शेजारच्या खाटेवाल्यांचे चिरंजीव. इकडं ये. अशी बस. माझ्याकडं बघ—नाही, बघू नकोस, तिकडं बघ, मी बोलतो.

मला काही झालेलं नाही.

अगं नाही, तुला जाता यावं म्हणून नाही म्हणत. बरं वाटतंय असंही नाही म्हणत. ऐकून घे, झालेलंच नव्हतं. परवाही नव्हतं. रिक्षात नव्हतं. खोटं बोललो मी तुझ्याशी. तुझी बस चुकावी म्हणून बोललो. आता काय बोलायचं ते बोल. बोल ना. या दादांसमोर बोल, त्यांना ठाऊक आहे.

काय?

मोठ्यानं बोल जरा.

पहिल्याच रात्री? मनगट धरलं होतंस तेव्हा? मला वाटलं, मायेनं धरतेस. पळणाऱ्याला कळतं होय नाडीवरून... अगं मग गप्प कशी बसलीस? मॅडम आल्या, गप्प. तुझी मैत्रीण माझे पाय दाबत बसली, गप्प. माझं म्हाताऱ्याचं जाऊ दे, मी भेदरलो होतो, पण तू—तुला सगळं ठाऊक असून औषधाच्या रांगेत उभी राहिलीस? कुणासाठी उभी राहिलीस?

रडू नकोस. सांग नीट.

हं.

हं. त्या बॉक्सरची बायको. ती तिकडं राहायला जागा देणार होती? कधी ठरलं हे? बरं. बरं, म्हणजे... म्हणजे मला वाटत होतं ते वेड्यासारखं नव्हतं. शेगडी म्हणून तर दोनदा पेटवायला लावलीस. आणि मी छाती धरून बसलो, तेव्हा तुला वाटलं, आजोबांना कळलं. म्हणून पाय निघेना. असं होय. तू माझ्यापुढं चोर आणि मी तुझ्यापुढं, आणि दोघं मिळून त्या तिघींचं...

हात सोड माझा. सोड. किती वाजले दादा? ऐकलंस? ऊठ. माझ्या सदऱ्याच्या खिशात पैसे आहेत, घे, रिक्षा कर, आधी घरी, मग स्टेडियम. वाटेत बेकरीवालीला फोन कर, बस धरून ठेव म्हण, ड्रायव्हरशी भांड म्हण, तिला जमतं. मॅडमला काय सांगायचं ते मी येऊन—नाही, सांग, आजोबा बरे झाले. नको, तेही खोटंच. सांग, आजोबा खोटं बोलले. माझं नाव घे. तुझं राहू दे.

आणि पुढचं मला सांगू नकोस. येते म्हणू नकोस. येणार नाही असंही म्हणू नकोस. आधी त्या पोरींबरोबर पळ, नळी दे तिच्या हातात नीट, मग तुझं तू बघ. मला विचारत बसायचं नाही. मी विचारण्याच्या लायकीचा राहिलेलो नाही, तीन दिवसांत.

जा आता. पाया कसल्या पडतेस, वेळ जातोय.

अगं—ऐक! बॅग ती छोटी नको घेऊस. माळ्यावरची मोठी घे. हो, मोठीच. तिकडं थंडी असते, हिवाळ्याचे कपडे पण घाल त्यात. सगळे घाल.

जा.

...

काही नाही. काही नाही दादा, ठीक आहे मी. ते बघा, तुमच्या वडिलांना आणलं. उठा, धरा त्यांना खांद्याला. आणि तेवढा मधला पडदा ओढून घ्या.